सभासदांचं यान

मळीचा तो आंबूस-गोड वास आजही मला थेट आत्याच्या खाटेपाशी नेतो. दुष्काळामुळे त्या वर्षी सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नव्हता. तरी जुन्या हौदातली मळी उन्हाने तापे, आणि आवारातल्या लहानशा दवाखान्यात तिचा वास फिनेलमध्ये मिसळून खाटांखाली रेंगाळत राही.

पाण्याच्या टँकरपाशी गर्दीत पडून आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अंबाजोगाईला झालेली शस्त्रक्रिया नीट पार पडली होती, पण ती उभी राहायला तयार नव्हती. आता पाय टेकले नाहीत तर पुढे चालणं कठीण, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी तेव्हा पुण्यात डिझाइन शिकत होते. आजारी माणसाला बरं करणारा अवकाशप्रवास कसा असेल, याची कल्पना करून त्याचं यान रेखाटायचं, असा माझा प्रकल्प होता. सुट्टीत आत्याच्या उशाशी बसून मी तेच चितारत असे.

"तिथं वजन नसतं, आत्या. घागरीतलं पाणी बाहेर आलं तरी सांडत नाही. गोळा होऊन तरंगतं."

"म्हंजी डोईवर काईच न्हाई?" तिने विचारलं, आणि बराच वेळ स्वतःचे उघडे तळहात पाहत राहिली.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "समदं खरं, पर यानाचा चेरमन कोन?"

"चेरमन नकोच. वाटंतच यान इकून खाईल," आत्या म्हणाली. "समदे सभासद."

"मंग सभेला चहा कोन करनार?"

"तूच. लई बोलतीस."

त्या दिवसापासून यान त्या दोघींचं झालं. खिडक्या निजलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत खाली आल्या. भिंतींना पत्र्याऐवजी गोधडीची मऊ शिवण आली. मग एका दुपारी आत्याने माझी पेन्सिल धरली. "जायाचं कळलं, माय. पर माघारी आल्यावर पाय भार धरतील का?"

माझं यान नुसतं जाणारं होतं. त्या संध्याकाळी आम्ही परतीची खोली आखली, जिथे भार एकदम अंगावर येत नाही. आधी टाचांत उतरतो, मग गुडघ्यांत, मग खुब्यात.

दुसऱ्या सकाळी तिने स्वतःच चादर सारली आणि पाय खाली सोडले. फरशी गार होती. तिची बोटं आखडली, मग पसरली. ती उभी राहू लागली, तशी मी तिला कमरेशी कवळून धरलं. तिच्या केसांतलं खोबरेल, तिचा थरथरता श्वास, सारं माझ्या गालाशी होतं. शेजारची बाई तोंडाला पदर लावून पाहत होती. हळूहळू तो श्वास संथ झाला. माझे हात मात्र तसेच आवळलेले. आत्या समोरच्या दाराकडे पाहत, अगदी सहज म्हणाली,

"सोड."