वायरच्या दोन टोकांना

पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकू लागली आणि मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. एका टोकाला आलेख काढणारा माझा जुना कॅल्क्युलेटर, दुसऱ्या टोकाला मुलीचा नवा लॅपटॉप आणि मध्ये हातभर वायर. या वायरसाठी जुन्या बाजारात मी तासभर भांडलो होतो. दुकानदार म्हणाला, "काका, चालेलच याची गॅरंटी नाही." मी म्हणालो, "मग भाव कशाला गॅरंटीवाला सांगतोस?"

कॅल्क्युलेटरच्या आतला सेल संपत आलाय. तो संपला किंवा बदलायला काढला, तरी रस्त्याची वळणं आखायचा माझा प्रोग्राम पुसला जाणार, म्हणून तो लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा होता. डिग्री नसताना, साइटवरच्या दगडावर बसून, एकेक बटण दाबून मी तो लिहिला होता. आमच्या साहेबांनी कचेरीत तो स्वतःचा म्हणून दाखवला. तो राग अजून गेलेला नाही.

"बाबा, हात लावू नका, वायर हलेल!" मुलगी ओरडली.

मी हात मागे घेतला. किती सावकाश बोलतोय हा म्हातारा कॅल्क्युलेटर! आणि तो चपळ लॅपटॉप मुकाट ऐकतोय. मध्येच तोडत नाही, कुठल्या कॉलेजचा म्हणून विचारत नाही. माझं कुणी असं शेवटपर्यंत ऐकून घेतलं असतं, तर मी इतका तापट झालो असतो का, कुणास ठाऊक.

पट्टी भरली. मुलीने फाइल उघडली, दोन-चार ओळी वाचल्या आणि माझ्याकडे वळली. "बाबा, हे सगळं तुम्ही केलंत? कसं काय?"

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "पहिल्या ओळीपासून सांगतो," म्हणालो.