पोरं नसलेले शिंपले

मत्स्य खात्याच्या प्रयोगशाळेत मावशी लागल्या त्या बरण्या धुवायला. धुता धुता शिंपल्यावरच्या वळ्या वाचायला शिकल्या. एक वळी म्हणजे एक वर्ष. पुढे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला शिंपले मोजायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. दर उन्हाळ्यात त्या गुडघाभर पाण्यात वाकून मोजायच्या आणि साहेब अहवालात लिहायचे, 'समाधानकारक'.

एका वर्षी मावशींनी वयंही पाहिली. बारा वर्षांच्या आतला एकही शिंपला नव्हता. बारा वर्षांपूर्वीच बंधाऱ्यातला माशांना वर चढायचा जिना फळ्या ठोकून बंद केला होता. कारण काय, तर पाणी वाया जातं.

त्यांनी सांगितल्यावर साहेब हसले. "मावशी, शिंपला जागचा हलत नाही. त्याला जिना कशाला?"

"त्याची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, साहेब. मासाच वर येईना, तर ती जगणार कशावर?"

"तुम्ही बरण्यांचं बघा."

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. मोजणाऱ्याच्या सहीसाठी अहवाल त्यांच्याकडे आला, तो त्यांनी सही न करताच परत धाडला.

वार्षिक बैठकीत त्या न बोलावता गेल्या आणि बादलीभर शिंपले टेबलावर ओतले. "यातला सगळ्यात धाकटा तेरा वर्षांचा. एखाद्या गावात चारशे माणसं आणि पाळण्यात एकही पोर नाही, तर त्याला समाधानकारक म्हणाल?" मग बंधाऱ्याखाली धरलेल्या माशाचा कल्ला त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मोठ्या साहेबांनी बराच वेळ डोळा लावला. कल्ल्यावर रव्यासारखे पांढरे ठिपके चिकटले होते.

महिन्याभरात फळ्या निघाल्या. मावशींची बदली भांडारात झाली. कारण, शिस्तभंग.

तीन वर्षांनी सुट्टी काढून त्या धाकट्या बहिणीबरोबर नदीवर गेल्या. बंधाऱ्यावर नवी पाटी होती: जिना खुला करण्यात पुढाकार, आणि खाली साहेबांचं नाव. मावशींनी ती वाचली आणि पदर खोचून पाण्यात उतरल्या. चाळणीत वाळू घोळवता घोळवता नखाएवढा शिंपला हाती आला. मग आणखी दोन.

"आली ना पोरं? आता सोड तो राग," बहीण म्हणाली.

"आली. पण बारा वर्षं जी आलीच नाहीत, त्यांचा जाब कुणाला विचारू?"

तिन्ही शिंपले त्यांनी हलक्या हाताने वाळूत परत रोवले.