बाटल्या माझ्या घरी मुक्कामाला आल्या

श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत माझा मित्र केमिस्ट आहे. मी नगरला चष्म्याचं दुकान चालवतो. आमच्यातला तिसरा, मास्तर, नगरच्याच एका शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये गातो. कॉलेजात असताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. व्हिस्कीचा नाद मात्र फार उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर लागला, आणि तो केमिस्टनं लावला.

त्याची सगळी नोकरी मळीच्या वासात गेलेली. साखर काढून घेतल्यावर मागे जी काळी, दाट मळी उरते, तिच्यापासून त्याच्या डिस्टिलरीत स्पिरिट बनतं. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बरंचसं हेच स्पिरिट असतं, हे त्यानंच आम्हाला सांगितलं. मग निव्वळ सातूपासून केलेली, वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की कशी लागते ते बघायची त्याला हुक्की आली. मास्तरची बहीण स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. ती सुट्टीला येताना एक बाटली घेऊन आली आणि तिथून आमचा संग्रह सुरू झाला.

संग्रह म्हणण्याइतका तो मोठा नव्हताच. आम्ही तिघांनी रीतसर परवाने काढले होते आणि त्यात बसेल तेवढंच ठेवायचं असं ठरलं होतं. केमिस्टच्या शेतातल्या घरी, एका जुन्या काचेच्या कपाटात बाटल्या उभ्या असत. गाळप चालू असताना त्याला मान वर करायला फुरसत नसे, म्हणून हंगाम संपला की आम्ही जमायचो, रविवारी दुपारी, जेवणाच्या आधी. ग्लासात बोटाच्या पेराएवढी ओतायची. आधी नुसता वास घ्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवून, नाहीतर नाक जळतं. मग एक घोट जिभेवर फिरवायचा. मग दोन थेंब पाणी, आणि पुन्हा वास. त्यानंतर काय आठवलं ते बोलायचं. मास्तरला नवं पॉलिश केलेली चर्चमधली बाकं आठवत. मला बहुतेक वेळा भिजलेलं गोणपाट. केमिस्ट डोळे मिटून पुन्हा एकदा वास घेई आणि म्हणे, ‘गुऱ्हाळ. काकवी उतरायच्या जरा आधीचं.’ सबंध दुपार जाई आणि बाटली फारशी खाली गेलेली नसे.

दोन वर्षांपूर्वी हंगाम संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी आम्ही असेच जमलो. मास्तरच्या बहिणीनं पाठवलेली नवी बाटली उघडली होती. केमिस्टनं रंग दाखवायला ग्लास उजेडाकडे धरला आणि माझी नजर ग्लासावरून त्याच्या डोळ्यांवर गेली. दुकानात दिवसभर मी लोकांचे डोळेच बघत असतो. पडवीवर पिवळी ताडपत्री बांधलेली होती, तिचा रंग पडला असेल असं आधी वाटलं. मी त्याला अंगणात, उघड्या उन्हात यायला सांगितलं. काहीतरी चेष्टा चाललीय असं समजून तो हसत आला. मी त्याची खालची पापणी ओढून बघितली. डोळ्यातला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता.

‘तुला कावीळ झालीय,’ मी म्हणालो. ‘आता ग्लासाला हात लावू नकोस.’

मग त्यानं एकेक सांगायला सुरुवात केली. महिनाभर अंगाला खाज सुटत होती. जेवण जात नव्हतं, आणि जेवलं की उजव्या कुशीत दुखायचं. हंगामाची दगदग असेल म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, शेंगदाण्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ताटली खाली ठेवली, तिन्ही ग्लास उचलले आणि आत जाऊन मोरीत ओतले. त्या दिवशी जेवणंही झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी नगरला रक्त तपासलं. कावीळ बरीच वाढली होती. सोनोग्राफीत पोटातल्या गॅसमुळे नीट दिसेना, म्हणून डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. पण त्याआधी त्यांनी विचारलं होतं की पेशंट पितात का, आणि केमिस्टनं खरं ते सांगितलं होतं. तेवढं एक उत्तर सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तो पुण्याला निघेपर्यंत वस्तीवर बोललं जात होतं की दारूनं त्याचं लिव्हर गेलं. कोणीतरी अकोले तालुक्यातल्या डोंगरातून झाडपाल्याचं औषध आणून दिलं. ते त्यानं घेतलं नाही, पण परतही केलं नाही, उशाशी ठेवून दिलं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा मला फोन आला. येऊन बाटल्या घेऊन जा, एवढंच त्या बोलल्या. मी मास्तरला घेऊन गाडीनं गेलो. वहिनींनी एकेक बाटली जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून टोमॅटोच्या क्रेटमध्ये भरून ठेवली होती. अर्धी राहिलेली प्रत्येक बाटली उभी, बुचं घट्ट दाबलेली. इतक्या काळजीनं तर आम्हीही त्या कधी हाताळल्या नव्हत्या. मला वाटत होतं त्या आम्हाला चार शब्द सुनावतील, आणि सुनावले असते तर बरं झालं असतं. क्रेट गाडीत ठेवून मी निरोप घ्यायला वळलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुमच्यावर राग न्हाई, भाऊजी. त्येंचा जीव हाय त्याच्यात, म्हनून फोडल्या न्हाईत. पर मला डोळ्यासमोर नकोत.’

नगरपर्यंत मास्तर खिडकीबाहेर बघत बसला होता. त्या बाटल्यांतल्या निम्म्या त्याच्या बहिणीनं आणलेल्या होत्या. रविवारी चर्चमध्ये मित्रासाठी प्रार्थना करा असं सांगायला तो उभा राहिला होता, आणि आजाराचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नुसतं ‘पोटाचं’ म्हणून खाली बसला होता. हे त्यानं मला केडगाव ओलांडल्यावर सांगितलं. मीही तेच करत होतो. दुकानात कोणी केमिस्टची चौकशी केली की मी फ्रेम पुसायला घेत होतो. क्रेट मी माझ्या घरी दिवाणाखाली सरकवले. बायकोनं ते पाहिले आणि फक्त चादर खालपर्यंत ओढून घेतली.

पुण्यात दोन दिवस तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याला दुर्बिणीच्या तपासणीसाठी आत नेलं तेव्हा आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मध्ये वहिनी आणि दोन बाजूंना आम्ही. वाईटात वाईट काय निघू शकतं हे प्रत्येकानं मोबाईलवर चोरून वाचलेलं होतं. मास्तरच्या पायाची बोटं बुटात हलत होती, तेवढीच हालचाल.

डॉक्टर बाई बाहेर आल्या. हातमोजे काढता काढता त्यांनी सांगितलं की पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि तो निघाला. पित्ताला वाट नव्हती म्हणून कावीळ झाली होती. कावीळ आता हळूहळू उतरेल. पित्ताशयात आणखी बारीक खडे आहेत, त्याचं ऑपरेशन नंतर करावं लागेल. दुसरं वाईट काही नाही.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. ‘म्हंजी दारूनं न्हाई?’

‘नाही. याचा दारूशी संबंध नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘लिव्हर ठीक आहे. थोडी चरबी आहे, ती तुमच्या-माझ्या वयात निघतेच. म्हणून लगेच प्या असंही मी सांगत नाहीये.’

वहिनी खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मध्येच हसल्याही. मास्तर जिन्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी मात्र तिथंच बसलो होतो, आणि मला एकाएकी प्रचंड भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी. दवाखान्याच्या कँटीनमध्ये जाऊन मी दोन प्लेट पोहे खाल्ले. पोहे गार झालेले होते, त्यात कोथिंबीरही नव्हती. तरी बोटं चाटून खाल्ले. मग वहिनींसाठी आणि मास्तरसाठी चहा घेऊन वर गेलो. तोवर वहिनींनी कर्जतला माहेरी, सासरी, कारखान्यावर, सगळीकडे फोन लावले होते. प्रत्येकाला त्या पहिल्यांदा हेच सांगत होत्या की दारूचं काही नव्हतं, खडा होता. शेजारच्या बाकावरच्या माणसालाही त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर रोज सकाळी मी त्याला व्हिडिओ कॉल करायचो. तो मोबाईल डोळ्याशी धरून पापणी ओढायचा आणि मी रंग बघायचो. मोबाईलवर तो नीट कळत नाही हे दोघांनाही माहीत होतं. तरी एका सकाळी मला खात्री वाटली की पांढरं खरंच पांढरं दिसतंय, आणि दिवसभर मी गिऱ्हाइकांशी फार प्रेमानं वागलो.

ऑपरेशन होऊन, एक हंगाम पार पडून, त्यानं पुन्हा अंग धरायला जवळजवळ वर्ष गेलं. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी त्याला कधीतरी, थोडी, अशी मोकळीक दिली. मग वहिनींनीच मला फोन केला की भाऊजी, रविवारी तुमच्याकडचं सामान घेऊन या. मास्तर आणि मी गेलो. बाटल्या कपाटात गेल्या. एक उघडली. वहिनीही खुर्ची ओढून बसल्या, वास तरी बघते म्हणाल्या. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, लगेच दूर केला आणि म्हणाल्या, ‘ह्याला तर आमच्या चुलीमागच्या भिंतीचा वास हाय. एवढ्यासाठी लोक स्कॉटलंडला जात्यात व्हय?’

केमिस्टनं एकच घोट घेतला. पाणी घातलं नाही, काही वर्णनही केलं नाही. छान आहे म्हणाला आणि ग्लास बाजूला ठेवला. मग मटणाचा रस्सा आणि भाकरी झाली, दोनदा वाढून घेतली त्यानं. जेवण झाल्यावर बोलता बोलता तो आरामखुर्चीतच झोपून गेला आणि घोरू लागला. आमचं बोलणं आपोआप हळू झालं. त्याला उठवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. वहिनी खरकटी ताटं तशीच ठेवून पायरीवर बसून राहिल्या, आणि आम्ही दोघं चार वाजेपर्यंत त्याचं घोरणं ऐकत बसलो.