खालून वर वाचलेली यादी

कलकत्त्यातल्या बेहाल्याच्या शकुनताई बेचाळिसाव्या वर्षी प्रौढवर्गात अक्षरे शिकल्या. इंग्रजी आकडे त्यांना त्याआधीच बसच्या पाट्यांनी शिकवले होते. १९७४ साली त्यांची लीना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसली, तेव्हा किती गुण म्हणजे चांगले, हे त्यांनी भेटेल त्याला विचारले. कोणी साठ टक्के सांगितले, कोणी ऐंशी. अखेर शेजारच्या सरलावहिनी म्हणाल्या, "टक्के कशाला धरून बसलात? यादीत पहिल्या दीडशेत आली तर कलकत्त्यात जागा. त्यानंतर आली तर परगावी." परगावी पाठवायला लीनाचे वडील श्यामकांत मुळीच राजी नव्हते. म्हणजे लीना डॉक्टर होणार की नाही, हे त्या दीडशेवर ठरणार होते.

निकालाच्या दिवशी श्यामकांत खिदिरपूरच्या गोदीत कामावर होते. लीना आईबरोबर निकाल लागलेल्या कॉलेजच्या फाटकापर्यंत आली आणि थबकली.

"आई, माझ्याच्याने नाही होत. तूच बघून ये ना!"

"परीक्षा तुझी आणि पाय माझे होय गं?" असे म्हणत शकुनताईंनी तिच्या रोल नंबराची चिठ्ठी घेतली.

आत भिंतीवर गुणानुक्रमे याद्या लावल्या होत्या. पहिल्या कागदापुढे झुंबड होती, म्हणून त्या शेवटच्या कागदाकडे वळल्या. प्रौढवर्गातही त्यांचे नाव शेवटच्या दोन ओळींत असे, त्यामुळे तेथूनच शोधणे त्यांना रीतसर वाटले. बोट ठेवून त्या खालून वर वाचू लागल्या. नऊशे झाले, सातशे झाले, चारशे झाले. लीनाचा नंबर नाही. तीनशेपाशी त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

छत्री टेकून उभ्या असलेल्या एका बंगाली आजोबांनी विचारले, "दीदी, क्यों रोता है?"

"नंबर मिलताच नाही, दादा. नीचेसे ढूंढती आयी."

"नीचे में नहीं है? तब तो हंसो! ऊपर जाओ, ऊपर!"

शकुनताई हसल्या नाहीत, पण वर सरकल्या. दोनशे. एकशे साठ. एकशे एक्कावन्न. कागद संपला. मग त्यांनी पदर खोचला आणि त्या झुंबडीत शिरल्या.

"अहो, सरका जरा! नऊशेपासून चढत आले आहे मी!"

मराठी कोणाला कळले नाही, तरी वाट मिळाली. एकशे एकोणचाळीस. त्यांनी चिठ्ठी शेजारी धरून मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे एकेक आकडा तीनदा ताडून पाहिला.

फाटकाशी लीना डोळे गच्च मिटून उभी होती. "कितवी गं, आई?"

"एकशे एकोणचाळिसावी. डोळे उघड आणि चल, आधी खिदिरपूरला. बसची पाटी मी वाचते."