कुट्टी मशीनवरचं घोडं

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला तिथल्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. पाठोपाठ लग्न ठरलं. वडिलांनी मुलीकडच्यांना काहीच मागितलं नाही. मला मात्र सांगितलं, "वरात घोडीवरून काढायची. अन् दिवसा. बत्तीच्या उजेडात कोण वळखतंय?"

लहानपणी मी त्यांना गावातल्या दुसऱ्यांच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालताना पाहिलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतलं कुणी गावच्या पेठेतून घोड्यावर बसून गेलेलं नव्हतं. तेव्हा ही नुसती हौस नव्हती, हे मला कळत होतं. माझी अडचण वेगळी होती. मला घोड्याची भीती वाटायची. त्या पेठेत मी पडलो असतो, तर गावाला वर्षानुवर्षं करमणूक झाली असती आणि वडिलांनी तो रस्ताच सोडला असता.

सरावाला घोडी मागायला लातूरजवळच्या मुरुडला गेलो, तर मालकानं हात जोडले. दुष्काळ होता. "वैरण न्हाई. वरातीपुरती उभी ऱ्हाईल एवढंच खाऊ घालायलोय," तो म्हणाला. घोडीच्या बरगड्या बघून पुढं बोलायची सोय नव्हती.

माझ्या मित्राचं औसा रोडला वेल्डिंगचं दुकान होतं. कडब्याची कुट्टी करायचं एक मशीन त्याच्याकडं दुरुस्तीला येऊन पडलं होतं. कडबाच नव्हता, तर ते परत नेणार कोण? त्यानं मशीनची पाती काढली, डिझेलच्या पिंपाला गोणपाट गुंडाळलं, पिंप जीपच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलं आणि एका दांडीनं मशीनच्या चाकाला जोडलं. तो चाक फिरवायचा आणि पिंप माझ्यासकट उसळायचं.

पहिल्याच दिवशी मी भंगारात जाऊन पडलो. "हाताचा भरवसा सोड. मांड्या आवळ," तो म्हणाला. तो स्वतः जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पण सल्ला द्यायला त्याचं काय जातंय! कचेरी सुटली की मी रोज पिंपावर. मांड्या इतक्या दुखायच्या की माझी फेंगडी चाल बघून हेडक्लार्कनं गळू झालंय का म्हणून विचारलं. हळूहळू पडायचा थांबलो.

वरातीच्या दिवशी घोडी मशीनपेक्षा शहाणी निघाली. संथ चालत होती. लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते. पेठेच्या मध्यावर जनावरांचा हौद होता, टँकरनं नुकताच भरलेला. घोडी आपणहून वळली आणि तिनं मान खाली घातली. आमच्या पिंपाला मान नव्हती. माझ्यापुढं आधाराला एकदम काहीच उरलं नाही. मी घसरलो, पण मांड्या आपोआप आवळल्या गेल्या आणि मी टिकलो.

ओट्यावरून एक जण म्हणाला, "हौद गावच्या जनावरांचा हाय."

बँड थांबला. घोडीचा मालक लगाम ओढायला लागला. वडिलांनी त्याचा हात धरला.

"पिऊ द्या तिला," ते ओट्याकडं बघत म्हणाले. "तिचं झालं की जाऊ."

या पेठेत त्यांना मी नेहमी खाली बघून बोलताना पाहिलं होतं. मालकानं लगाम सैल सोडला. घोडी पोटभर प्याली. मी वर बसून होतो. भीती कुठल्या कुठं गेली होती.

मग वडील पुढं चालू लागले. डोक्यावर गुलाबी फेटा होता. मान ताठ होती, बत्ती सावरताना ठेवायचे तशीच.