वापरलेलं चिपाड

कळंब्याच्या रस्त्यावरच्या त्या रसवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी मी त्याच्याकडून उसाची चिपाडं न्यायचो. आपल्या म्हशीच्या वाटणीतली एक पेंडी तो माझ्यासाठी बांधून ठेवायचा.

एकदा मी प्रयोगातून निघालेल्या स्वच्छ पाण्याची बाटली घेऊनच गेलो. "बघा, कारखान्याच्या पाण्यातलं विषारी क्रोमियम तुमच्या चिपाडानं ओढून घेतलं!"

त्यानं बाटली उन्हात धरली. "झ्याक! म्हंजे ते इख आता चिपाडात हाय की. वापरलेलं चिपाड टाकता कुठं, पावणं?"

"लॅबच्या मागं, गवतात."

त्याचा चरक थांबला. "आवो, तितं म्हशी चरत्यात की!"

अर्धा रस तसाच ठेवून मी ते चिपाड उचलायला लॅबकडं सायकल दामटली. पुढं तोंडी परीक्षेत तीन प्राध्यापकांनी मला तासभर पिळलं, पण चिपाडाचं काय केलं हे एकानंही विचारलं नाही.