उष्टी हळद

मानवी हक्कांच्या संस्थेत इंटर्नशिप करणार, असं घरी सांगितलं तेव्हा आमच्या अण्णांनी हातातला पेपर खाली ठेवला. अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. "मानवी हक्क? म्हणजे आमच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांना सोडवायला जी मंडळी धावतात, ती?" मी म्हटलं, "अण्णा, ही साताऱ्यातली संस्था आहे. इथं रेशनकार्डापासून पोलीस ठाण्यापर्यंतची भांडणं येतात." "भांडणं व्हय? मग तुला जमंल," म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी तेव्हा लॉ कॉलेजात होते आणि भांडण दिसलं की पायात चप्पल सरकवून निघणारी होते. संस्थेचं ऑफिस पोवई नाक्याजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. काम बिनपगारी. फोन घ्यायचे, अर्ज लिहून द्यायचे, घाबरलेल्या माणसाबरोबर कचेरीत जाऊन बसायचं. संस्था चालवणाऱ्या ताई साठीच्या होत्या, वकील, आवाज इतका हळू की कोर्टात न्यायाधीशांना ऐकू कसं जात असेल देव जाणे. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. कुणाच्या घरी गेलं की बाहेरच्या खुर्चीत बसायचं नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, हाताला काम मागायचं आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात अवघड.

त्याच दिवशी ताईंनी आम्हा नव्या मुलांना विचारलं, "अन्याय म्हणून तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंय?" आम्ही एकेक जण पेपरात वाचलेलं सांगू लागलो. मी तर कोठडीतल्या मृत्यूंवर छोटंसं भाषणच ठोकलं. माझ्या शेजारी उंब्रजच्या पलीकडच्या गावातून रोज एसटीनं येणारी एक मुलगी बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "उन्हाळ्यात माझं लग्न आहे. माझी आई मला हळद लावू शकणार नाही. मला तिनंच लावायला हवी आहे." एवढंच बोलून खाली बसली. माझं भाषण एकदम पोकळ वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू.

तिचे वडील सैन्यात असतानाच गेले. ती अगदी लहान होती तेव्हा. पुढे तिच्याशी माझी गट्टी जमली आणि मी तिच्या घरी जायला लागले, तेव्हा त्या गावाची तऱ्हा कळली. पंधरा ऑगस्टला तिच्या आईला, म्हणजे आमच्या काकींना, शाळेत मानानं बोलवायचे. वीरपत्नी म्हणून शाल, नारळ, टाळ्या, सरपंचांचं भाषण. आणि त्याच कार्यक्रमात पाहुण्या बायकांना कुंकू लावायला तबक फिरायचं, ते काकींच्या पुढ्यात आलं की अलगद बाजूला वळायचं. विधवांना असं वागवायचं नाही, असा ठरावही ग्रामसभेनं केलेला. फ्रेम करून पंचायतीच्या भिंतीवर टांगला होता. कशात काय अन् फाटक्यात पाय!

मला वाटलं होतं, समोर कुणीतरी दुष्ट बाई असेल आणि मी तिला कायद्यानं गप्प करीन. माझ्या डोळ्यांसमोर मैत्रिणीची आत्या होती. वडिलांची बहीण, सासर गावातच, पहिली हळद लावायचा मान तिचा. पण आत्या निघाली चांगली! भाऊ गेल्यावर याच बाईनं काकींच्या शेतावर राबून घर उभं ठेवलं होतं. मी वाद घालायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "माझं काय बी म्हननं न्हाई बाई. वैनीला लावू वाटली तर लावू दे. पर उद्या जावयाचं काय बरंवाईट झालं, तर मला बोल लावू नगा." जावई होणारा मुलगाही फौजेत होता, सांगलीकडचा, आणि त्याची नेमणूक तेव्हा सरहद्दीवर होती.

खरी अडचण काकींचीच होती. ताई आणि मी एका सकाळी गेलो तेव्हा त्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. नियमाप्रमाणे ताई लसूण सोलत बसल्या आणि मी गप्प. बऱ्याच वेळानं काकींनीच विषय काढला. "ताई, तुमचा कायदा चांगला हाय. पर तो माझ्या पोरीचं कुंकू राखंल का? माझा हात लागला अन् तिकडं काय इपरीत झालं, तर लोकं काय म्हनतील ते सोडा. मीच मला काय म्हनू?" मुलगी मागे उभी होती. "आई, मला तुझ्याच हातची पाहिजे," ती म्हणाली. काकी मान वर न करता म्हणाल्या, "म्हनूनच न्हाई लावायची." आणि भाकरी तव्यावर टाकली.

परतीच्या एसटीत मी ताईंवर चिडले. तुम्ही एक शब्दही का बोलला नाहीत, त्यांना समजवायचं कुणी, हक्क आहे त्यांचा तो! ताई म्हणाल्या, "लावायची की नाही हे ठरवायचा हक्क आहे. आपण तिचा हात धरून लावायला लावली, तर आपण त्या तबकवाल्यांपेक्षा वेगळे कसे?" "पण ती कुठं ठरवतेय? तिची भीती ठरवतेय!" ताई म्हणाल्या, "ते खरं आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही." मला वकील माणसाकडून अशी कबुली ऐकायची सवय नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून साताऱ्यापर्यंत फुगून बसले.

लग्न मुलीच्या दारात होतं. हळदीच्या सकाळी आम्ही पोचलो तर मांडवात लगबग. नवरीसाठी पाट मांडलेला, त्याभोवती गव्हाचा चौक, मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, आत्यासकट पाच सवाष्णी नव्या साड्यांत खेटून बसलेल्या. मैत्रीण पाटावर बसली होती, पण तिचं लक्ष सारखं घराच्या दाराकडे. काकी आत होत्या. त्यांनी सगळ्यांसाठी वांग्याचं कालवण करायला घेतलं होतं आणि ताई आणि मी शेजारी बसून वांगी चिरत होतो. बाहेर बायका हळदीची गाणी म्हणू लागल्या, तशा काकी जास्तच जोरात कांदा ठेचू लागल्या. मला रडू येत होतं, आणि कांद्यानं येतंय असं म्हणायची सोय होती.

आमच्याकडे हळद आधी नवऱ्या मुलाला लावतात. त्यातली उरलेली, त्याची उष्टी हळद, वाजतगाजत मुलीकडे येते आणि तीच नवरीला लागते. दुसरी चालत नाही. ती आल्याशिवाय पाट हलत नाही, की कुणी हात लावत नाही. सांगलीकडची जीप आली, ताशा वाजला, आतून दारातून पाहिलं तर सगळ्या बायका उठून उभ्या राहिलेल्या. आणि जीपमधून हळदीची वाटी घेऊन नवऱ्या मुलाची आईच उतरली.

मांडवात कुजबूज सुरू झाली. कारण विहीणबाईंचं कपाळ मोकळं होतं. त्यांचेही मालक वारलेले, हे सगळ्यांना माहीत होतं. पण उष्टी हळद घेऊन करवल्या येतील, मुलाची चुलती येईल, असंच सगळे धरून चालले होते. बाई उंच, रापलेल्या, आवाज असा की "हळद आली वं" म्हणताच ताशा आपोआप थांबला. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ हळदीच्या गिरणीत त्या कितीतरी वर्षं कामाला होत्या. खणानं झाकलेली वाटी त्यांनी आत्यांच्या पुढ्यात धरली. आत्यांनी ती घेतली नाही.

"नवरदेवाला हळद लावली कुनी?" आत्यांनी विचारलं.

"म्या."

"पैली?"

"पैली बी म्या अन् शेवटची बी म्याच. माझं लेकरू हाय, दुसरं कोन लावनार?"

बाई गं! वांगं आणि विळी तशीच टाकून मी दारात येऊन उभी राहिले. माझ्या मागे काकी आल्या. त्यांच्या हाताला कांदा लागला होता.

विहीणबाईंनी आत्यांना सोडलं आणि थेट काकींकडे वळल्या. "ईनबाई, तुमचं म्हननं पोरानं फोनवर सांगितलं मला. तुमच्या लेकीनं त्याला सांगितलं, त्यानं मला. मी कुनाशी बोलले न्हाई, कारन बोलून काय व्हतंय? तुमास्नी भ्या वाटतंय की तुमचा हात लागला तर माझ्या पोराला काय व्हईल. व्हय का न्हाई?" काकींनी मान हलवली. "मग ऐका. आता माझा हात आधी लागलाय. उद्या काय वंगाळ झालंच, तर ते माझ्या हातानं झालं. तुमच्या न्हाई. तुमाला कोन बोल लावू शकत न्हाई, तुमी सवताबी न्हाई."

मग मांडवातल्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "अन् तुमी ज्या हळदी लावून नांदताय, त्या कुठनं आल्या? आमच्या यार्डातनंच की. तिथं हळकुंडं निवडाया, पाखडाया बसतोय, त्यात माझ्यासारख्या नवरा गेलेल्या किती हायत, या कवातरी बगायला. आमचे हात लागल्याबिगर तुमची एक बी पोरगी पिवळी झाली न्हाई."

मी आजवर मोठमोठ्या वकिलांचे युक्तिवाद ऐकलेत. पण असं कधी पाहिलं नाही, अगदी खरं सांगते. कारण त्या बाईंनाही भीती वाटतच होती. वाटीवरचा खण त्या सारखा नीट करत होत्या, मला जवळून दिसत होतं. लोक ज्याला अपशकुन म्हणतात तो त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलावर, सरहद्दीवरून रजा घेऊन आलेल्या मुलावर, आधीच ओढवून घेतला होता. दुसऱ्या एका आईच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून. जिला त्या बोलणी ठरताना एकदाच भेटल्या होत्या. मी थक्क झाले, हा शब्दसुद्धा तोकडा पडतो.

आत्या उठल्या. मला वाटलं, आता ही बाई निघून जाणार आणि सगळं मुसळ केरात. पण त्यांनी वाटी घेतली, स्वतःच्या मानाच्या जागेवर ठेवली आणि स्वतः एक हात बाजूला सरकून बसल्या. "वैनी, या हिकडं," एवढंच म्हणाल्या.

काकी आल्या. हात धुवायला विसरल्या म्हणून परत आत गेल्या, परत आल्या. मुलीसमोर बसल्या आणि वाटीकडे नुसत्या बघत राहिल्या. मग आत्यांना हळूच विचारलं, "आदी कुठं लावत्यात वं? इसरले मी." "पायाला," आत्या म्हणाल्या. "मग गुडघं, मग खांदं, मग कपाळ." काकींनी लेकीचे पाय मांडीवर घेतले. गाणी तर जीप आली तेव्हाच थांबली होती. विहीणबाईंनीच शेवटी एक ओळ उचलली, बेसूर, आणि मग बाकीच्यांनी साथ धरली.

मला तेव्हा काय सुचावं! डोळे पुसत पुसत मी ताईंना विचारलं, "संस्थेच्या अहवालात काय लिहायचं?" ताई म्हणाल्या, "आपण काय केलं ते लिही." "आपण काय केलं?" ताईंनी थोडा विचार केला. "वांगी चिरली," म्हणाल्या. आणि पदरानं नाक पुसत पुन्हा आत जाऊन बसल्या, कारण निम्मी वांगी अजून तशीच पडली होती.

दुपारी पंगत बसली. काकी सगळ्यांना वाढत होत्या, पण डाव्या हातानं. आमच्याकडे डाव्या हातानं वाढणं म्हणजे अपमान, पण त्या दिवशी कुणी एका शब्दानं बोललं नाही. उजवा हात त्यांनी पोटाशी धरला होता, पिवळाजर्द, बोटं जराशी उघडी. सगळ्यांची जेवणं उरकली तरी त्या काही पानावर बसेनात. आत्यांनी दोनदा बोलावलं, विहीणबाईंनी दटावलं. तेव्हा काकी लाजत म्हणाल्या, "जेवायला हात धुवावा लागंल."

मैत्रिणीनं ते ऐकलं. हळद लागलेली नवरी, जिनं उठायचं नसतं, ती पाटावरून उठली, आईसमोर येऊन बसली आणि तिनं तिला भाकरीचा घास भरवला. काकींनी तोंड उघडलं आणि हात तसाच धरून ठेवला, वाळेपर्यंत.